गोधडीचं काम गावाला नेताय? या चुका टाळा

दर सुट्टीत तेच होतं. कोणीतरी गावाला निघते, आदल्या रात्री पिशवीत शिवणाचं सामान कोंबते आणि चार दिवसांनी मला फोन, ताई सुई गंजली, ताई दोरा संपला, ताई तुकडे कमी पडतायत. एकेकीला वेगळं सांगून आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे सुई कामातच टोचून घडी घालणं. घरी चालून जातं कारण संध्याकाळी आपण परत हातात घेतो, पण बाहेरगावी काम कधी परत उघडेल त्याचा नेम नसतो. मी जुलैमध्ये माहेरी चिपळूणला गेले होते, सोबत एक चौकोन होता, मधोमध आजीच्या नऊवारीचा मोतिया रंगाचा तुकडा, तेवढाच एक उरला होता. अर्धी ओळ शिवून झाली आणि पाहुणे आले, मी सुई तशीच खोचली, घडी घातली आणि पिशवी कपाटात ठेवून दिली. कोकणात पावसाळ्यात कपाटातले धुतलेले कपडेसुद्धा दमट लागतात, तिथे सुईचं काय होणार. पाचव्या दिवशी उघडलं तर मोतिया कापडावर बरोब्बर सुईएवढी तपकिरी रेघ. घरातल्या एकीने घाईघाईने ब्लीच लावलं आणि डाग आणखी गडद झाला, कारण गंजाच्या डागाला ब्लीच कधीच लावायचं नसतं, त्याने तो पक्का बसतो. पुण्याला परत आल्यावर उन्हाचा एक दिवस मिळाला तेव्हा लिंबू आणि मीठ चोळून वाळत घातलं, दोनतीनदा केल्यावर डाग फिका झाला पण जुनं कापड त्या जागी विरलं. शेवटी त्यावर एक बारकं ठिगळ बसवलं. गोधडीत ठिगळ शोभतं हे खरं, तरी तो तुकडा आजीचा होता आणि माझ्या आळसामुळे गेला याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून सुया जुन्या स्वेटरच्या लोकरी तुकड्यात टोचते आणि तो तुकडा पत्र्याच्या छोट्या डबीत. स्पंजची पिनकुशन प्रवासात अजिबात नको, दमट हवेत स्पंज ओल धरून ठेवतो. डबीत एक फ्रिजचं मॅग्नेट पण चिकटवलंय, सुई पडली की ते फिरवायचं. आणि सुया मोजून न्यायच्या, मी सहा नेते आणि झोपायच्या आधी सहा मोजते. दुसऱ्याच्या घरात लहान मूल अनवाणी फिरत असतं, एक सुई हरवली तर ती सापडेपर्यंत मी पाणी पण पीत नाही. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक आणि आखूड, तुकडे जोडायला नऊ किंवा दहा नंबर पुरतो, पण तीनचार थरांची वाकळ, म्हणजे जुन्या कपड्यांची जाड गोधडी, शिवायची असेल तर थोडी लांब आणि जाड सुई वेगळी ठेवा.

दुसरी चूक, अख्खी गोधडी न्यायची हौस. अहो थर अंथरायला घरभर जमीन लागते, काठापासून आत फेऱ्या घालत जायचं तर ते ट्रेनच्या बर्थवर होणार कसं? प्रवासाचं काम म्हणजे तुकडे जोडणं. मला षटकोन आवडतात, लग्नपत्रिकांचा जाड कागद एक इंची बाजूचा षटकोनी कापायचा, कापड सगळ्या बाजूंनी पाव इंच मोठं घ्यायचं, कागदावर दुमडून कच्चे टाके घालायचे आणि मग कडेला कड लावून बारीक टाक्यांनी जोडायचं, एक मधला आणि सहा भोवती की फूल तयार. सात तुकड्यांची एक पुडी, पुडीवर रंग लिहिलेला. एकदा मी सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी बाहेर बाकावर बसून अशा चार पुड्या संपवल्या, दुसऱ्या कशात मन लागलं नसतं. नवीन शिकणाऱ्या मुली म्हणतात कागद कशाला, सरळ जोडू, लवकर होतं. होतं की लवकर, पण कोन जुळत नाहीत आणि मग उसवायला दुप्पट वेळ जातो. हा शॉर्टकट मी तरी कोणाला सांगणार नाही.

दोरा घरूनच पुरेसा न्या. दुकानात ट्यूबलाइटखाली सारखा दिसणारा रंग दिवसाउजेडी वेगळाच निघतो, हे मी मोजू नये इतक्यांदा पाहिलंय. आणि सुईत दोरा हातभरापेक्षा लांब ओवू नका, सारखं ओवायचा कंटाळा म्हणून लांब घेतात आणि मग गुंता सोडवत बसतात.

कात्री विमानाच्या केबिन बॅगेत नको, चेक-इनच्या सामानात टाका. ट्रेनमध्ये मात्र गळ्यात नाडीला बांधून ठेवते.

पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनची खूण असेल तर धुवायच्या आधी इस्त्री फिरवू नका, ती जन्माची राहते. म्हणून मी तर शिंप्याचा खडूच नेते.

अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटात घालायची टोपी, विसरू नका. बोटाला टोचलं आणि कापडावर रक्त लागलं तर लगेच गार पाणी, गरम नाही.

गडद लाल किंवा निळं नवीन कापड असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा, रुमालाला रंग लागला तर ते घरीच राहू दे, धुऊन पुढच्या खेपेला.

आणि निघायच्या आधी एक संध्याकाळ घरातच, प्रवासाला न्यायचं सगळं सामान ज्या डब्यात भरलंय त्या डब्यातून शिवून बघा, कपाटाला हात लावायचा नाही, ज्या वस्तूसाठी उठावं लागेल ती डब्यात टाकायची. गेल्या महिन्यात मी दोनदा उठले, एकदा जवळच्या चष्म्यासाठी आणि एकदा खडूसाठी. आता डब्याच्या झाकणाच्या आत जुन्या चष्म्याचं पाकीट बसवून टाकलंय, खडू त्याच्याच कप्प्यात.