जर्मन वाक्य बनवायचं असेल तर आधी मराठीतच मांडा

जर्मन शिकणाऱ्या नर्सिंगवाल्या पोरी नाहीतर आयटीआय झालेली पोरं मेसेज करतात, दादा शब्द पाठ हायेत, डेर-डी-डास (नामाच्या लिंगाप्रमाणं त्याच्या पुढं लागणारे शब्द) पण झालं, पण वाक्य बोलायला गेलं की सगळं उलटंपालटं होऊन राहिलं. माझंही तेच होतं. क्लास ऑनलाइन आणि तोही इंग्रजीतून, त्यामुळं मी आधी मराठीत विचार करायचो, मग इंग्रजी, मग जर्मन. म्हणजे आर्वीहून वर्ध्याले जायचं अन् आधी अमरावतीचा फेरा मारायचा. काऊन बापा? सरळ रस्ता हाय ना.

इथं मी फक्त साध्या विधानाचं सांगतो, ज्याला ते आउसझागेझात्स म्हणतात. म्हणजे आपण काहीतरी सांगतोय, विचारत नाही, हुकूमही सोडत नाही.

आधी मनात मराठीत मांडा आणि क्रियापद "-णं" लावून शेवटी ठेवा: उद्या सकाळी, बसनं, वर्ध्याला, जाणं. आता जर्मन: मॉर्गन फ्र्यू, मिट डेम बुस, नाख वर्धा, फारन. बघा बरं, एक तुकडाही इकडचा तिकडं झाला नाही. आपलं "नं" अन् "ला" शब्दाच्या मागून चिकटतं, त्यांचं मिट अन् नाख पुढं लागतं, एवढाच फरक. कधी, कशानं, कुठं हा क्रमसुद्धा आपलाच. क्लासमध्ये यालाच टे-का-मो-लो म्हणून घोकून घेतात (कधी, का, कसं, कुठं), मी तर घोकलंच नाही.

आता सुरुवातीला "मी" म्हणजे इश ठेवा, शेवटचं फारन उचला, त्याला इशची शेपटी लावून फारे करा आणि दुसऱ्या जागेवर ठोका. इश फारे मॉर्गन फ्र्यू मिट डेम बुस नाख वर्धा. झालं वाक्य. बाकी कोणाला हात लावायचा नाही.

ही माझ्या मनातली जुगाड नाही बरं का. बरेच भाषाशास्त्रज्ञ जर्मनचा मूळ क्रम क्रियापद-शेवटी असाच धरतात, आणि साध्या विधानात ते उडी मारून पुढं येतं असं मांडतात. पुरावा पाहायचा तर "वाइल" म्हणजे "कारण" लावून पहा: वाइल इश मॉर्गन नाख वर्धा फारन मुस. कारण मले उद्या वर्ध्याले जा लागते. फारन म्हणजे जा, मुस म्हणजे लागते, शेवटचे दोन शब्दही आपल्याच रांगेत. इंग्रजीवाले इथं डोकं धरून बसतात, आपल्याले काहीच वाटत नाही.

आता जिथं सगळे पडतात ते. दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द नव्हे! पहिल्या जागेवर एक अख्खा तुकडा बसतो, मग तो कितीही लांब असो. "डेर आल्टे मान मिट डेम वाइसन ओक्सन", म्हणजे पांढऱ्या बैलवाला म्हातारा, हे सात शब्द पण तुकडा एकच, त्याच्यानंतर लगेच क्रियापद. आणि पहिल्या जागी कर्ताच पाहिजे असंही काही नाही. उद्यावर जोर द्यायचा तर मॉर्गन फ्र्यू फारे इश मिट डेम बुस नाख वर्धा. बसवर जोर द्यायचा तर मिट डेम बुस फारे इश... क्रियापद खुंट्यासारखं जागेवरच, आणि हाकललेला इश त्याच्या पाठीमागं जाऊन उभा. "मॉर्गन इश फारे" ही चूक मी सहा महिने केली, कारण मराठीत "उद्या मी जातो" एकदम बरोबर हाय. तोंडानं पहिला तुकडा बोलला की थांबा, पुढचा शब्द क्रियापदच.

"उंट" (आणि), "आबर" (पण), "ओडर" (किंवा), "डेन" (हेही "कारण"च), "झोंडर्न" (तर उलट) हे पाच जोडशब्द मात्र जागा खात नाहीत. आबर इश कोमे (पण मी येतो), बस. "या" आणि "नाइन" (हो, नाही) स्वल्पविराम देऊन येतात, त्यांचीही मोजणी नाही. क्रियापदच पहिलं आणलं तर हो-नाहीवाला प्रश्न होतो: फेअर्स्ट डू मॉर्गन नाख वर्धा? विनोद सांगताना मात्र ते लोक विधानातही क्रियापद पहिलं टाकतात, "कोम्ट आइन मान त्सुम आर्त्स्ट", म्हणजे येतो एक माणूस डॉक्टरकडं. आपण नाही का म्हणत, होता एक राजा.

क्रियापद दोन तुकड्यांचं असलं तर फक्त कर्त्याप्रमाणं बदलणारा तुकडा पुढं येतो, दुसरा शेवटीच राहतो. मोटर बंद करणं म्हणजे डी पुंपे आउसशाल्टन. आउस म्हणजे बंद, शाल्टनला सध्या करणं समजा. इश शाल्टे उम त्सेन ऊर डी पुंपे आउस, मी दहा वाजता मोटर बंद करतो. रात्रीची लाइन असली की हे वाक्य आमच्या घरात रोजचं. यात आउस विसरलं तर मोटर चालूच राहिली समजा, म्हणून शेवटपर्यंत ऐकायची सवय लावा.

या दोन तुकड्यांच्या कंसाला झात्सक्लामर म्हणतात. एरिश ड्राख या जर्मन भाषेच्या अभ्यासकाची याबद्दलची मांडणी 1937 साली पुस्तकातून छापून आली, त्यातूनच पुढं फोरफेल्ड, मिटेलफेल्ड, नाखफेल्ड ही नावं रूढ झाली. फेल्ड म्हणजे वावर. म्हणजे पुढचं वावर, मधातलं वावर, मागचं वावर, आणि क्रियापदाचे दोन तुकडे म्हणजे मधल्या वावराचे दोन धुरे. एवढं सोपं असताना आमच्या क्लासमध्ये त्याचा चार रंगांचा तक्ता होता!

आता सरावाला घरातलंच वाक्य घ्या: काल आईनं वावरात कापूस वेचला. आधी स्वतः करा, मग खाली पहा.

गेस्टर्न हाट माइने मुटर आउफ डेम फेल्ड बाउमवोले गेफ्ल्युक्ट. पहिला तुकडा काल, मग खुंट्यावर हाट (झालेलं सांगताना लागणारं मदतीचं क्रियापद), आणि गेफ्ल्युक्ट म्हणजे वेचला पार शेवटी. आता हेच आईपासून सुरू करून बोला.