बाळाच्या कपड्यांची गाठोडी आधीच बांधून ठेवावीत

प्रसूतीच्या वेळी नेलेल्या पिशवीत सर्व काही असते, परंतु परिचारिका दाराबाहेर येऊन "बाळाचे कपडे द्या" म्हणते, तेव्हा रात्री दोन वाजता त्या पिशवीतले नेमके काय द्यावे, हे बाहेर बसलेल्या कोणालाच सुचत नाही.

यावर सोपा उपाय असा की, आठवा महिना संपण्यापूर्वी सर्व कपडे, अगदी नवे कोरेसुद्धा, सौम्य साबणाने धुऊन उन्हात वाळवावेत आणि एक झबले, एक टोपडे, दोन लंगोट अशी जोडी दुपट्यात गुंडाळून तिचे एकेक गाठोडे करावे. अशी सहा गाठोडी पुरतात. झबले समोरून नाडीचे असावे, कारण मान न धरणाऱ्या बाळाच्या डोक्यावरून कपडा चढवणे अवघड जाते.

पहिले गाठोडे मात्र वेगळे बांधावे. त्यात बाळाचे अंग पुसण्यासाठी व गुंडाळण्यासाठी जुन्या सुती साडीचे, धुऊन इस्त्री केलेले तीन मोठे तुकडे जास्तीचे ठेवावेत (आजीच्या साडीइतके मऊ कापड दुकानात मिळत नाही), त्यावर ठळक अक्षरांत 'पहिले' अशी चिठ्ठी लावावी आणि ते पिशवीत सर्वांत वर ठेवावे. ओल्या कपड्यांसाठी एक रिकामी पिशवीही सोबत असावी.

या कपड्यांत डांबरगोळ्या कधीही ठेवू नयेत. त्यातील नॅफ्थलीनमुळे काही नवजात बाळांच्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते.