कामातल्या भूमिकेचा ताण मोजताना या चुका टाळा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका कारखान्यात आम्ही सर्वे केला. ‘माझं काम नेमकं काय, हे मला माहीत आहे’ या वाक्यापुढे जवळजवळ सगळ्यांनी ‘पूर्ण सहमत’वर खूण केली. हीच माणसं जेवणाच्या सुट्टीत सांगत होती, की नव्या मशीनवरचं रिजेक्शन, म्हणजे नापास झालेला माल, कुणाच्या नावावर पडणार तेच कळत नाही. दोष वाक्याचा होता. स्वतःचं काम माहीत नाही, असं कोण लिहून देईल?

एक ताण एकाच सुरातल्या वाक्यांनी मोजायचा, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे, आणि ती जुनी आहे. रिझो, हाउस आणि लिर्त्झमन या संशोधकांच्या १९७०च्या मापनात (प्रश्नावलीत) भूमिकेतल्या ओढाताणीची, म्हणजे परस्परविरोधी मागण्यांची, ८ वाक्यं आहेत आणि संदिग्धतेची, म्हणजे आपल्याकडून काय अपेक्षा आहे ते न कळण्याची, ६. ओढाताणीची वाक्यं त्रासाच्या भाषेत आहेत, तर संदिग्धतेची स्पष्टतेच्या भाषेत. संदिग्धतेच्या वाक्यांचे गुण नंतर उलटे मोजायचे. मग विश्लेषणात दोन गट वेगळे पडले, तर ते ताण वेगळे म्हणून, की वाक्यांचा सूर वेगळा म्हणून? यावर संशोधकांत बरीच वर्षं वाद झाला. आपल्याकडे तर साहेबांनी दिलेला फॉर्म म्हणून सगळीकडे ‘सहमत’ लिहिणारे पुष्कळ. अशा माणसाची ओढाताण भरपूर दिसते आणि संदिग्धता शून्याजवळ!

म्हणून दोन्ही ताणांसाठी दोन्ही सुरांची वाक्यं ठेवा. पण वाक्य उलटवायला नुसता ‘नाही’ जोडू नका. ‘माझे अधिकार स्पष्ट नाहीत’ याला ‘असहमत’ म्हणताना शिफ्ट संपवून आलेला माणूस हमखास अडखळतो. ‘कोणता निर्णय मी घ्यायचा, याबद्दल गोंधळ होतो’ असं सरळ लिहा.

‘काम जास्त आणि सूचना अपुऱ्या’ हे एक वाक्य नाही, दोन आहेत, तोडा.

भूमिकेच्या ताणाचंच उदय पारीक या संशोधकांचं ५० वाक्यांचं मापन आहे; त्यात असं किती वेळा वाटतं, ते ० ते ४ असं विचारलं आहे. तिथे ‘सहमत-असहमत’ घातलंत, तर जुन्या आकड्यांशी तुलना करता येणार नाही.

ओढाताणीच्या मूळ इंग्रजी ‘कॉन्फ्लिक्ट’साठी भाषांतरात ‘संघर्ष’ लिहिलंत तर लोक भांडण समजतात. शिवाय बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या मराठी घरचा माणूसही कामावर बरेचदा गुजराती बोलतो; फॉर्म कोणत्या भाषेत हवा, हे त्यालाच विचारा.

छापण्याआधी पाच-सहा कामगारांसोबत प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचा आणि ‘यात काय विचारलंय?’ एवढंच विचारा. आम्ही हे उशिरा केलं. पहिलं वाक्य बदलून ‘गेल्या महिन्यात चूक कुणाची धरायची, यावर किती वेळा घोळ झाला?’ असं केलं, तेव्हा कुठे खुणा सगळ्या चौकटींत पसरल्या.