कृत्रिम पायाचं नवीन फूट घ्यायच्या आधी पावलं मोजा

माझा उजवा पाय गुडघ्याखालून गेलाय आणि इथे इंदूरमधे ओळखीतले लोक सारखे विचारतात, कृत्रिम पायाला कार्बनचं फूट, म्हणजे खालचा पंजा, लावलं तर चालणं वाढेल का. वाढेलही, पण आधी सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ते कवच, बघा बाबा. सॉकेट ढिलं असेल तर खाली कितीही महाग फूट लावा, रामबागेतून राजवाड्यापर्यंत जायला माणूस रिक्षाच शोधणार.

आधी आहे त्याच पायावर दोन आठवडे पावलं मोजा. मोबाईल चांगल्या पायाकडच्या खिशात, रोज त्याच खिशात ठेवा. हळू चालताना तो काही पावलं खातो, पण तुलना स्वतःशीच करायचीय त्यामुळे चालतं. पाय किती वाजता घातला नि काढला तेही लिहा, मला तर पावलांपेक्षा हेच जास्त कामाचं वाटतं.

आता स्टंपवर घालायचे मोजे. स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, दिवसभर एकसारखा राहत नाही, पाय घातल्यावर काही तासांत आक्रसतो, मग सॉकेटमधे खाली बसतो, गुडघ्याच्या वाटीखाली टोचतं, चालताना पाय वरखाली सरकतो आणि आपण फेऱ्या कमी करतो. तेव्हा बसायचं, पाय काढायचा, एक मोजा वाढवायचा. पिशवीत १, ३ आणि ५ प्लायचे (प्लाय म्हणजे मोज्याची जाडी) ठेवाच. थर १०-१५ प्लायवर गेले की सॉकेटच नवीन करायला सांगा.

मग फूट. साच फूटचा (SACH, घट्ट घोटा आणि मऊ टाचेचं साधं फूट) घोटा हलत नाही आणि ते ठराविक टाचेच्या बुटावर बसवलेलं असतं, म्हणून खजराण्याच्या गणपतीला बूट काढले की अंग मागे जातं, चढावर चालल्यासारखं वाटतं. जयपूर फूट १९६८ मधे अनवाणी चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या लोकांचा विचार करूनच बनलं, रोज देवळात जाणाऱ्याने तेच लावावं असं माझं मत. कार्बनचा स्प्रिंग भरभर चालणाऱ्याला कळतो, घरातल्या घरात फारसा नाही.

गुडघ्यावरून पाय गेला असेल तर आधी कृत्रिम गुडघ्याचा विचार करा. लॉकवाला पडू देत नाही पण पाय ताठ राहतो, कंबर उचलून चालावं लागतं आणि दम लागतो. फोर-बार, म्हणजे चार दांड्यांच्या जोडाचा गुडघा, वाकताना किंचित आखूड होतो, त्यामुळे बोटं अडकत नाहीत.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन-तीन आठवडे सवय झाल्यावरच परत मोजा. मी फूट आणि लायनर (सॉकेटच्या आत स्टंपवर चढवायचं मऊ अस्तर) एकाच दिवशी बदलले, पावलं घटली, कशामुळे ते अजून कळलं नाहीये. आणि रात्री पाय काढल्यावर लाल डाग दहा मिनिटांत गेला नाही तर मोजणीबिजणी सोडा, लिंब सेंटर, म्हणजे कृत्रिम पाय बनवणारं केंद्र, गाठा.