या चुका टाळा: सुगंधी वनस्पतींची कापणी आणि तेलाची प्रत

गोव्यात गवती चहा, तुळस किंवा वाळा लावून त्यांचे तेल काढू पाहणाऱ्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. पीक जोमदार आले, तेल काढण्याची भट्टीही (पाला वाफेने तापवून त्यातील तेल वेगळे करणारे साधन) नीट चालली, तरी तेल थोडे निघाले आणि त्याचा वासही हवा तसा नाही. अशा वेळी दोष भट्टीला दिला जातो. माझ्या मते मात्र आधी तपासायला हवी ती कापणीची वेळ.

झाड जितके वाढेल तितके तेल अधिक, हा समज सर्वांत महागात पडतो. तुळस आणि पुदिना यांचे तेल पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींत साठते, आणि पान वाढत असतानाच ते प्रामुख्याने तयार होते. पेपरमिंट या पुदिन्याच्या प्रकाराच्या पानात ही निर्मिती साधारण 12 ते 20 दिवसांच्या वयात जोरात असते आणि पुढे जवळजवळ थांबते. शिवाय कोवळ्या पानात मेन्थोन हा तेलातील घटक अधिक असतो आणि पान पक्व होताना त्याचे मेन्थॉल, म्हणजे पुदिन्याला थंडावा देणारा घटक, होत जाते, म्हणून घाईने कापलेल्या पिकाचे तेल मोजमापात पुरेसे भरले तरी त्यात मेन्थॉल कमी पडते. तेल किती आणि तेल कसे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे एकाच दिवशी जुळतील असे नाही.

तुळशीच्या बाबतीत आपल्याकडे उशीर होतो. अंगणातल्या वृंदावनातील तुळशीची घरची रीत मनापासून पाळावी. पण तेलासाठी वेगळी लावलेली तुळस पूर्ण फुलोऱ्यात असतानाच कापावी. मंजिऱ्या तपकिरी होऊन बी धरले की खालची पाने गळतात, खोड कठीण होते, आणि तेल नसलेल्या काड्या भट्टीतील जागा व सरपण दोन्ही खातात. फुलोऱ्यात पहिली कापणी केल्यावर झाड पुन्हा फुटते आणि साधारण 65 ते 75 दिवसांनी दुसरी कापणी मिळते.

एका पिकाचा नियम दुसऱ्याला लावणे ही याहून सूक्ष्म चूक आहे. गवती चहा आणि रोशा गवत (पामरोसा) एकाच कुळातील सख्खी भावंडे, पण त्यांचा हंगाम उलटा आहे. गवती चहाला लिंबासारखा वास देणारे सिट्रल मुख्यतः वाढत्या, कोवळ्या पानांत तयार होते, त्यामुळे लावणीनंतर सुमारे 90 दिवसांनी आणि पुढे 50 ते 60 दिवसांच्या अंतराने, फुलोरा येण्यापूर्वी, जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर वर कापणी करावी. रोशा गवताचे तेल मात्र मुख्यतः फुलोऱ्यात असते. फुलोरा पक्व होत जातो तसे त्यातील जिरॅनिल ॲसिटेट हा घटक घटून गुलाबासारखा वास देणारे जिरॅनिऑल वाढते, म्हणून फुले उमलल्यानंतर आठवडा-दहा दिवस थांबणे हिताचे ठरते. गवती चहाचा सराव असलेला शेतकरी इथे हमखास घाई करतो.

गोव्यातील पावसाळा हा वेगळाच घोटाळा करतो. आषाढ-श्रावणात वाढ भरभरून दिसते, पण ऊन नसल्याने आणि पानात पाणी फार असल्याने शंभर किलो पाल्यामागे तेल कमी उतरते. पीक वयाने तयार झाले असले, तरी पाऊस उघडून दोन-तीन दिवस ऊन पडेपर्यंत थांबावे आणि गवती चहा कापल्यावर भट्टीत घालण्यापूर्वी दिवसभर सावलीत सुकू द्यावा.

वाळ्याला मात्र धीरच लागतो. 15 ते 18 महिन्यांपूर्वी उपटलेल्या मुळ्यांचे तेल पातळ आणि हलक्या वासाचे असते. जांभ्या दगडाच्या कठीण जमिनीत खणण्याचे श्रम तेवढ्यासाठी वाया जातात.

आपल्या शेतातील नेमका दिवस ठरवायचा असेल, तर एकाच वाफ्यातून दर आठवड्याला एक किलो पाला घेऊन लहान भांड्यात ऊर्ध्वपातन करावे, म्हणजे वाफेने तेल वेगळे करावे. कापणीचा दिनांक, झाडाची अवस्था, आदल्या दोन दिवसांचे हवामान आणि तेलाचे मिलिलिटर वहीत लिहावेत. त्याच पाल्याचा थोडा भाग पूर्ण वाळवून त्याचे वजनही घ्यावे. पाण्याचे प्रमाण आठवड्यागणिक बदलत असल्याने केवळ ओल्या वजनावर केलेली तुलना फसवी असते. प्रत्येक नमुना गडद रंगाच्या बाटलीत, काठोकाठ भरून, थंड जागी ठेवावा, म्हणजे खरेदीदाराला नमुने दाखवताना कोणत्या अवस्थेचे तेल त्याला हवे आहे हे त्यालाच निवडता येईल.