बाहेरच्या पायऱ्या: सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) ठोकण्याआधी काय मोजून ठेवायचं

मोजपट्टी, ओळंबा (सरळ उभी रेघ दाखवणारं लोंबतं वजन), पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोरी, गुण्या (काटकोन तपासायचं साधन), चार खुंट्या आणि टॅन-कॉस असलेला कॅल्क्युलेटर जवळ घ्या. कॅल्क्युलेटरवर आधी टॅन ४५ काढा. उत्तर १ आलं नाही, तर तो अंशांवर लावलेला नाही आणि पुढचे सगळे आकडे वाया जातील.

आता उंची. ती भिंतीलगत मोजून थांबू नका, कारण पहिली पायरी टेकते ती बरीच पुढे आणि बाहेरची जमीन क्वचितच सपाट असते. नळीने पातळी धरून आडव्या २००० मिमीत जमीन किती खाली जाते ते पाहा. ती १०५ मिमी गेली, तर उतार ३ अंशांचा. समजा, लँडिंगच्या (दारासमोरच्या सपाट ओट्याच्या) कडेची पातळी भिंतीजवळच्या जमिनीपासून ८९४ मिमी वर आहे. भागिले १५० केलं की १४९ मिमीचे सहा चढ (चढ म्हणजे एका पायरीची उभी उंची), कागदावर अगदी छान. पण लँडिंगचे १००० मिमी आणि ३३० मिमीच्या पाच पायऱ्या धरल्या, की जिन्याचा पाय २६५० मिमीवर येतो. तिथे जमीन टॅन ३ अंशांच्या हिशेबाने आणखी १३९ मिमी खाली असते, म्हणजे सगळ्यात खालचा चढ २८८ मिमीचा! सात चढ घ्या: पायऱ्या सहा (वरचा चढ लँडिंगवरच संपतो), पाय २९८० मिमीवर, उतार १५६ मिमी, एकूण उंची १०५० आणि प्रत्येक चढ १५०. पहिल्याच फेरीत आकडे असे जुळतीलच असं नाही. चढ बदलला की लांबी बदलते, लांबी बदलली की उंची. जुळेपर्यंत हिशेब फिरवा.

दुप्पट चढ अधिक पायरीची रुंदी ६०० ते ६४० मिमीच्या आसपास हवी. इथे ६३० येते. १५० भागिले ३३० चा उलटा टॅन घेतला की जिन्याचा कोन २४.४ अंश. रेलिंग याच कोनात जाईल. सहा पायऱ्यांचा कर्ण २१७५ मिमी. सळईला वाकवणीची आणि टोकांची लांबी वेगळी धरा. पायऱ्यांखालच्या तिरक्या स्लॅबची जाडी १२५ मिमी हवी असेल, तर ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, मोजताना ती १२५ भागिले कॉस २४.४, म्हणजे १३७ मिमी भरली पाहिजे. उभी १२५ ठेवली, तर स्लॅब प्रत्यक्षात ११४ मिमीचाच होतो.

पाणी साचू नये म्हणून प्रत्येक पायरीला पुढच्या बाजूस ६ मिमी ढाळ द्या. मात्र मग पहिली पायरी सोडून साच्याच्या उभ्या फळ्या १४४ मिमीच्या कापा, कारण मागची कड आधीच ६ मिमी वर असते. सगळ्या १५० च्या कापल्या, तर वर पोचेपर्यंत ३६ मिमी जास्त होतात आणि ते लँडिंगपाशी उघडे पडतात.

वरचे सगळे आकडे तयार पातळीचे, म्हणजे फरशी वगैरे बसल्यानंतरचे आहेत. पायऱ्यांवर २५ मिमी फरशी आणि खाली भरावावर ६० मिमी जाडीचा थर येणार असेल, तर काँक्रीटचा पहिला चढ भरावापासून १८५ मिमी (१५० अधिक ६० उणे २५) निघतो. तो मोठा दिसतो म्हणून कोणी छाटायला लागलं, तर थांबवा.