सामाजिक विषयांवर चित्रं काढून मुंबईत करिअर करायचंय? मग सुरुवात इथून करा

सगळ्यात आधी विषय. गरिबी, अन्याय असे मोठमोठे शब्द घेऊन कॅनव्हाससमोर बसू नका, आपल्या आजूबाजूचं काहीतरी धरा, म्हणजे रिडेव्हलपमेंटला गेलेली चाळ, नाक्यावर कामाची वाट बघत उभे असलेले मजूर, कचरा वेचणाऱ्या मावश्या, आणि त्यातलं एकच घेऊन दोन-तीन वर्षं तरी त्याच्याच मागे लागा. नेटवरचे फोटो बघून चित्र काढू नका प्लीज. तिथे जाऊन बसा, गप्पा मारा, विचारून स्केच करा. माणूस नुसता बिचारा दिसला तर माझ्या मते चित्र फसलंच, त्याचा स्वाभिमान दिसायला हवा.

आता पैसा. चित्रकार सुधीर पटवर्धन १९७५ ते २००५ ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते आणि ते सांभाळूनच कामगार, लोकल, बदलतं शहर रंगवत राहिले, २०१९ ला फोर्टच्या एनजीएमएत, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, त्यांचं केवढं मोठं रेट्रोस्पेक्टिव्ह (आजवरच्या कामाचं प्रदर्शन) लागलं! त्यामुळे नोकरी, क्लासेस काहीही करा, कमीपणा मानू नका. घरभाडं चित्रावर अवलंबून नसलं की गिऱ्हाईकासाठी विषय गुळगुळीत करावा लागत नाही.

जागा नाही ही सगळ्यांचीच रड आहे. कॅनव्हास स्ट्रेचरवर (लाकडी चौकटीवर) न ताणता सुटाच भिंतीला ठोका, सुकला की रंगाची बाजू बाहेर ठेवून पाईपवर गुंडाळा. पावसाळ्यात ऑईल लवकर सुकत नाही, तेव्हा ॲक्रेलिक बरं.

जहांगीर आर्ट गॅलरीचं वेटिंग काही वर्षांचं असतं, म्हणून अर्ज आत्ताच टाका आणि तोवर बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन, राज्य कला प्रदर्शन, मित्रांसोबत ग्रुप शो, जे जमेल ते करा. पण त्याआधी ज्यांची चित्रं काढलीत त्यांच्याच वस्तीत, समाजमंदिरात नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये, एक दिवस चित्रं लावा. "आमच्याकडे असं नसतं" हे तिथलीच माणसं सांगणार, आणि ते ऐकून चित्र बदलायची तयारी ठेवा, क्युरेटर (प्रदर्शनासाठी चित्रं निवडणारा) काय म्हणतो ते नंतर बघू.

स्टेटमेंट, म्हणजे आपल्या कामाबद्दलचं छोटं निवेदन, आधी मराठीत लिहा, मग इंग्रजी करून घ्या. गॅलरीचं कमिशन किती, पैसे कधी मिळणार, न विकलेली चित्रं कधी परत येणार, सगळं लेखी घ्या, ओळखीतली गॅलरी असली तरी.